हलवाहलवी

आमच्या घरात चार माणसं. त्यांतले तीन वापरकर्ते आणि एक सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. हे पद मला कुणी दिलेलं नाही. त्याला पगार नाही, रजा नाही आणि बढतीचा तर प्रश्नच नाही, कारण वर जागाच नाही. खाली मात्र तीन तक्रारदार आहेत आणि ते कायम हजर असतात. पोटापाण्यासाठी मी एका कंपनीच्या लेखा विभागात बसतो; पण माझं खरं कार्यक्षेत्र दिवाणखान्यात, टीव्हीच्या मागे आहे.

तिथे एक मिनी पीसी आहे. ऑफिसने भंगारात काढलेल्या मालातून मी तो किरकोळीत उचलला. दिवाळीला भाचा आला होता. फराळाचं ताट संपेपर्यंत त्याने त्यावर प्रॉक्समॉक्स बसवून दिलं. प्रॉक्समॉक्स म्हणजे व्हिएन्नातल्या एका कंपनीने २००८ साली आणलेली, डेबियन लिनक्सवर चालणारी मुक्त प्रणाली. एका यंत्राच्या पोटात ती अनेक यंत्रं चालवते. कल्पना तशी जुनीच. महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच साली आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केली आणि एका मेनफ्रेमवर बसलेल्या अनेकांना ‘अख्खा संगणक माझा एकट्याचा’ असं वाटायला लावलं. तेव्हा त्याला वातानुकूलित दालन लागायचं. आता टीव्हीमागची कोळिष्टकं पुरतात.

तर या डब्यात एका व्हीएममध्ये, म्हणजे पोटातल्या एका यंत्रात, होम असिस्टंट राहतं. ते गिझर आणि बाल्कनीतले दिवे बघतं. दुसऱ्या व्हीएममध्ये इमिच आहे, त्यात घरादाराचे फोटो. एका कंटेनरमध्ये जाहिराती गाळणारं पाय-होल, दुसऱ्यात जुन्या नाटकांच्या चित्रफिती दाखवणारं जेलीफिन. व्हीएमला स्वतःचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, असतो. आपण स्वतंत्र संगणक आहोत असं तिला मनापासून वाटतं. कंटेनर यजमानाचाच कर्नल वापरतो, म्हणून तो हलका आणि चपळ. आणि सुरक्षेसाठी त्याच्यातल्या रूटला बाहेर काडीची किंमत नसते. आत तो सर्वाधिकारी, सगळे त्याचं ऐकतात. बाहेरून पाहिलं तर वापरकर्ता क्रमांक १,००,०००. हे भाच्याने सांगितलं तेव्हा मला त्या कंटेनरबद्दल एकदम आपुलकी वाटली.

“आता आपले फोटो आपल्याच घरात राहणार,” मी बायकोला अभिमानाने सांगितलं.

“मग इतके दिवस कुणाच्या घरात होते?”

अशा प्रश्नांची उत्तरं ॲडमिनिस्ट्रेटरने द्यायची नसतात.

सगळं सुरळीत चाललं होतं, ते मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नापर्यंत. बायकोने हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं फोर-केमध्ये टिपलं. बुफेच्या रांगेचासुद्धा व्हिडिओ होता, तोही दोन बाजूंनी. हे सगळं रात्री वाय-फायवरून गुपचूप इमिचमध्ये चढत राहिलं आणि सकाळी आईने हाक मारली, “अरे, गिझरला काय झालंय?”

गिझरला काही झालं नव्हतं. गिझर सांभाळणारी व्हीएम जागच्या जागी थिजली होती. पडद्यावर तिच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि ‘आयओ-एरर’ अशी दोन शब्दांत फिर्याद. फोटोंच्या व्हीएमचंही तेच. बुफेची रांग गिझरच्या आड कशी आली, ते कळायला प्रॉक्समॉक्सची जागावाटपाची पद्धत समजून घ्यावी लागते. बसवताना ते डिस्कचे भाग पाडतं. साधारण पाव हिस्सा रूटसाठी, म्हणजे खुद्द प्रणालीसाठी. उरलेल्यातला बहुतेक भाग व्हीएम-कंटेनरांच्या डिस्कांसाठी. त्याचं नाव ‘लोकल-एलव्हीएम’. हा भाग ‘थिन’ असतो. एकच फ्लॅट चौघांना विकणारा बिल्डर जसा चौघे एकदम राहायला येईपर्यंत निवांत असतो, तसं हे थिनचं. माझी अख्खी एसएसडी २५६ जीबीची. त्यातले २०० मी कागदोपत्री फोटोंना दिले होते, बाकीच्यांनाही सढळ हाताने वाटले होते. कुणी हक्काने मागत नव्हतं तोवर सगळे सुखात होते. लग्नाचे व्हिडिओ सामानसुमानासह राहायला आले आणि सगळेच उघड्यावर पडले.

आईने गॅसवर पातेलं चढवलं. “तुझा सर्व्हर उठला की सांग,” म्हणाली.

प्रयोगासाठी टाकलेलं एक विंडोज पुसून मी तात्पुरती जागा केली आणि शनिवारी तपकीर गल्ली गाठली. पुण्यात वायर, बल्ब, सोल्डरिंगची कांडी, रिमोटचं कव्हर, काहीही हवं असलं की माणूस पासोड्या विठोबाच्या आसपास घुटमळतो. एक टीबीची एसएसडी आणि ती यूएसबीला जोडायची डबी घेतली. दुकानदाराने विचारलं, “कशासाठी?” मी म्हटलं, “सर्व्हरसाठी.” त्याने माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या कोथिंबिरीच्या पिशवीकडे पाहिलं आणि बिल केलं.

घरी येऊन जोडली तर डिस्क ९३१ जीबीच. खोक्यावरचा एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट, आणि यंत्र हजाराऐवजी १०२४च्या पटीत मोजतं; त्यामुळे आकडा कमी दिसतो, माल तेवढाच असतो. हे मला माहीत होतं. तरीही हिशेबात ६९ची तूट दिसली की लेखा विभागातल्या माणसाच्या पोटात कालवतंच. वर ईएक्सटी-फोरने फॉर्मॅट केली, तर त्यातले पाच टक्के आपोआप रूटच्या नावे राखून ठेवले गेले. म्हणजे टक्केवारी इथंही आहेच.

आता मुख्य कार्य. प्रॉक्समॉक्समध्ये ‘मूव्ह स्टोरेज’ नावाचं बटण आहे. पण नावावर जाऊ नये. एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर काहीही हलत नसतं. आधी मुळाची नक्कल होते आणि मग मूळ पुसलं जातं. पहिलं काम यंत्र करतं. दुसऱ्याला काळीज लागतं. ते आहे की नाही, हे तपासायला त्या खिडकीत तळाशी एक चौकोन असतो: ‘डिलीट सोर्स’. टिक केली तर नक्कल पुरी होताच मूळ पुसलं जाणार. नाही केली तर मूळ ‘अनयूज्ड डिस्क’ या नावाने जागच्या जागी पडून राहणार.

आमच्या घरात श्रीखंडाचे रिकामे डबे, बंद पडलेल्या मिक्सरची भांडी आणि १९९८ सालच्या लग्नपत्रिका सुखरूप आहेत. मी टिक करणं शक्यच नव्हतं.

सुरुवात फोटोंच्या व्हीएमपासून केली. व्हीएमची डिस्क ती चालू असतानाच हलवता येते. इकडे नक्कल चाललेली असते, तिकडे व्हीएम आपलं काम करत असते. मधल्या वेळात काही नवं लिहिलं गेलं तर तेही दोन्हीकडे पोचतं आणि शेवटी ती अलगद नव्या डिस्कवर पाय ठेवते. मी आकडा वाढताना बघत बसलो. वीस टक्के, एकवीस टक्के. तो इतका सावकाश वाढत होता की मध्ये उठून मी टीव्हीमागे डोकावलो. नवी डबी काळ्या यूएसबीत होती. काळी म्हणजे जुनी, दोन नंबरची. निळी असते ती तीन नंबरची, कैक पटींनी वेगवान. दोन्ही निळ्या बहुमोल खिडक्या अनुक्रमे कीबोर्डने आणि माउसने अडवल्या होत्या. मध्येच वायर काढायची छाती नव्हती, म्हणून बैलगाडीच्या चालीने का होईना, काम तडीला नेलं. मग डबी निळ्या खिडकीत लावली. टीव्हीमागे हात जेमतेम पोचतो, त्यामुळे वायर किती आत गेली ते दिसत नव्हतं. ‘बसली असेल’ म्हणून मी पुढे सरकलो. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं.

होम असिस्टंटही असंच गेलं. राहिले कंटेनर. मूव्ह स्टोरेजच्या यादीत नवी ड्राइव्ह दिसेचना. कारण साधं होतं: स्टोरेज जोडताना त्यावर काय काय ठेवायचं ते निवडावं लागतं, आणि तिथे फक्त ‘डिस्क इमेज’ला परवानगी होती. ‘कंटेनर’ हा वेगळा पर्याय. तो निवडला आणि ड्राइव्ह प्रकटली.

पण कंटेनर चालू असताना हलत नाही. आधी तो बंद करावा लागतो. मी पाय-होल बंद केलं, मूव्हचं बटण दाबलं आणि चहा ठेवायला उठलो.

पाय-होल जाहिराती गाळतं म्हणजे काय करतं, हे मी घरात अनेकदा समजावून सांगितलं होतं. स्वतःला एकदा सांगायला हवं होतं. घरातला प्रत्येक फोन कुठलीही साइट उघडण्याआधी तिचा पत्ता पाय-होलला विचारतो. जाहिरातवाल्यांचा पत्ता पाय-होल सांगत नाही, बाकीचे सांगतं. आणि तेच बंद असेल तर कुणाचाच पत्ता कुणाला सांगत नाही. वाय-फायच्या चारही दांड्या भरलेल्या, राउटरचे दिवे हिरवेगार, आणि नेट मात्र ठार.

पहिली हाक आईची. “कीर्तन थांबलं रे. बुवा तोंड उघडून बसलेत.” मग मुलीची. “बाबा, क्लास गेला!” मग आतल्या खोलीतून बायको बाहेर आली. शनिवार असूनही तिची कसलीशी मीटिंग चालू होती. ती काही बोलली नाही. नुसती टीव्हीच्या मागच्या बाजूला बघत उभी राहिली.

“दोन मिनिटं,” मी म्हटलं, आणि कंटेनर चालू करायला गेलो. उत्तर आलं की कंटेनरला कुलूप आहे. हलवाहलवी पुरी झाल्याशिवाय तो उघडत नाही. आणि एरवीही कंटेनर फाइलवार नकलला जातो, एकेक चिठोरं उचलून. घरातल्या कुणी कुठल्या क्षणी कुठली साइट मागितली, याच्या कित्येक महिन्यांच्या नोंदी पाय-होलने निष्ठेने जपल्या होत्या. त्या सगळ्या आता रांगेने निघाल्या होत्या. हे कुलूप तोडावं का, हे इंटरनेटवर शोधावं म्हणून मी फोन काढला, आणि कुठल्याच साइटचा पत्ता मिळेना.

राउटरमध्ये दुसरा, पर्यायी पत्ताही देऊन ठेवता येतो. भाच्याने तसं सुचवलं होतं. “त्यातून जाहिराती शिरतील,” असं मीच बाणेदारपणे त्याला सुनावलं होतं.

यथावकाश नेट आलं, बुवांचं तोंड मिटलं, आणि सगळं नव्या ड्राइव्हवर गेलं. जुनं सगळं जुन्यावरही होतंच. लोकल-एलव्हीएमचा आकडा जिथे होता तिथून टक्काभरही हलला नव्हता. जागा करायला निघालो होतो, आणि होती ती जागा तशीच अडकलेली ठेवून नवीही भरून बसलो. पण त्या संध्याकाळी मी खुशीत होतो.

मग गुरुवार आला. पुण्यात गुरुवारी वीज जाते हे शेंबडं पोरही सांगेल. वीज गेली, आली, डबा आपोआप सुरू झाला, आणि घरातलं एकही यंत्र उठेना. गिझर नाही, नेट नाही, फोटो नाहीत. फोटोंची व्हीएम हाताने चालू करायला गेलो, तर तिचा शेरा: ‘ही डिस्क अस्तित्वात नाही.’ नव्या ड्राइव्हचा फोल्डर उघडून पाहिला. स्वच्छ, रिकामा. लग्नाची हळदसुद्धा नाही.

अशा वेळी घाबरट माणूस काय करतो? नक्कल करतो. माझ्याकडे बॅकअप होता. भाच्याने बळेच एक जुनी हार्डडिस्क डब्याला जोडून त्यावर रोजचा बॅकअप लावून दिला होता. मी विचार केला, आता उरलेली एवढीच प्रत. हिला हात लावण्याआधी हिचीच एक नक्कल काढू. नव्या ड्राइव्हवर मोप जागा आहे. लागलीच कॉपीचा हुकूम सोडला. बराच वेळ चाललं आणि थांबलं. ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही.’

९३१ जीबीच्या रिकाम्या ड्राइव्हवर? मी ब्राउझरमधून प्रॉक्समॉक्स उघडायला गेलो, तर पासवर्ड चालेना. तोच पासवर्ड, बोटांत मुरलेला. आपल्याच घरात आपल्याला दार उघडेना. शेवटी डब्याची एचडीएमआय केबल थेट दिवाणखान्यातल्या टीव्हीला लावली. बेचाळीस इंची काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली. आई चष्मा लावून पुढे सरसावली.

“हे कुठलं रे चॅनेल?”

मोबाइल डेटावर भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता, त्यामुळे त्याला भरपूर वेळ होता.

“मामा, टीव्हीमागे जा. नव्या ड्राइव्हची वायर हलवून बघ.”

वायर हलवून बघायची गरजच नव्हती. हात लागताच ती बाहेर आली.

मग त्याने मला जे समजावलं, ते आमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात असायला हवं होतं. लिनक्समध्ये ड्राइव्ह एखाद्या फोल्डरवर चढवतात. त्याला माउंट म्हणतात. ड्राइव्ह आली नाही तरी तो फोल्डर असतोच, फक्त तो रूटच्या डिस्कवरचा साधा, रिकामा फोल्डर असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. वीज आल्यावर वायर सैल असल्याने ड्राइव्ह चढली नाही. डब्याने तक्रार केली नाही, कारण ड्राइव्ह नसली तरी पुढे जा, असं आम्हीच त्याला सांगून ठेवलं होतं. आणि मी तो अवजड बॅकअप नव्या ड्राइव्हवर म्हणून जो ओतला, तो सगळा रूटच्या साठेक जीबीत. रूट गळ्यापर्यंत भरलं. तिथे प्रणालीला स्वतःसाठी एक ओळ लिहायला जागा उरली नाही, मग ती मला आत कशी घेणार? पडद्यावर शिल्लक जागेचा आकडा होता. मी तो पाहिला नव्हता. ‘शिल्लक बघितल्याशिवाय व्हाउचरवर सही करू नये’ हे मी ज्युनियरांना रोज सांगतो.

वायर घट्ट बसवली. ड्राइव्ह चढवली. हळद, वरात, बुफेची रांग, सगळं जिथल्या तिथे! आईने देवापुढे साखर ठेवली. आणि रूट? अजूनही शंभर टक्के.

“भाच्या, अरे पण ती मोठी फाइल दिसतच नाही कुठे!”

“मामा, ती ड्राइव्हच्या खाली आहे.”

“टीव्हीमागे?”

“नाही रे! फोल्डरमध्ये. वर ड्राइव्ह चढली ना, त्यामुळे खालचं झाकलं गेलं. दिसत नाही, पण जागा खातंय.”

म्हणजे पुन्हा सगळं बंद करायचं, ड्राइव्ह उतरवायची, खालचं पुसायचं, ड्राइव्ह चढवायची. सगळं बंद म्हणजे पाय-होलही बंद. बुवांचं तोंड त्या दिवशी पुन्हा एकदा उघडं राहिलं. शेवटी भाच्याने स्टोरेजला एक ओळ जोडून दिली: ‘इझ-माउंटपॉइंट, येस.’ म्हणजे इथे खरोखर ड्राइव्ह चढलेली असेल तरच हा फोल्डर वापर, नाहीतर सरळ नकार दे.

“आणि मामा, एक विचारू? लोकल-एलव्हीएमवर तुझ्या सगळ्या जुन्या डिस्का अनयूज्ड म्हणून पडल्यात. नवी ड्राइव्ह खरंच गेली असती तरी निम्मं घर त्यावरून उभं राहिलं असतं. तू ते बघितलंच नाहीस का?”

मी हिशेब मांडला. लग्नाची एक प्रत नव्या ड्राइव्हवर, एक जुन्या डिस्कवर, एक बॅकअपच्या हार्डडिस्कवर, आणि आत्ता पुसेपर्यंत एक अर्धवट, फोल्डरच्या तळघरात. नवरा-नवरीकडेसुद्धा इतक्या नसतील. जागा अपुरी पडत होती ती लग्नामुळे नव्हे.

रविवारी सगळ्यांना समोर बसवून मी अनयूज्ड डिस्का पुसायला घेतल्या. पडद्यावर प्रश्न आला: सगळा डेटा कायमचा पुसला जाईल, नक्की? मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “अहो, माझ्या फोनमध्ये आहेत सगळे. मी कुठे काढलेत अजून.” मी बटण दाबलं. आकडा धपकन खाली आला आणि घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मुलीने, त्याही उपरोधाने.

मग मी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘या डब्याला, त्याच्या वायरींना व ड्राइव्हला कोणीही हात लावू नये. हुकमावरून, सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर.’ आणि तो टीव्हीला चिकटवू लागलो.

आईने चष्मा लावला, पाटी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, “ही तिथे नको लावूस. तुझ्या कपाटाच्या आरशावर लाव. आम्ही कुणी हात लावतच नाही.”